ॲक्सल बदलला, पण स्टिअरिंगचा हिशेब कोण करणार?

गॅरेज, लेथ आणि वेल्डिंगच्या धंद्यात आपले पुष्कळ बांधव पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आहेत. या धंद्यात अलीकडे एक नवे काम वाढले आहे. हाती पैसा आलेली तरुण मंडळी जुनी जीप किंवा जिप्सी विकत घेतात आणि रविवारी डोंगरात, चिखलात, ओढ्यात नेऊन चालवतात. त्यांना रुंद ॲक्सल हवा असतो, मोठे टायर हवे असतात, उंच कमानपाटे हवे असतात. काम मेहनतीचे आहे आणि मजुरीही बरी मिळते. मात्र या कामातला एक भाग बहुतेक ठिकाणी शेवटी आणि घाईत उरकला जातो. तो भाग म्हणजे ॲक्सल बदलल्यावर स्टिअरिंगच्या रॉडची नव्याने जुळणी. गाडीतल्या माणसांचा जीव नेमका याच जुळणीवर अवलंबून असतो.

मी स्वतः कापडाच्या धंद्यातला माणूस. गज आणि कात्री हातात घेऊन उमर गेली, पान्याशी संबंध आला नाही. हा विषय मला शिकावा लागला तो आमच्या भाच्यामुळे.

भाच्याची जिप्सी

भाच्याकडे जुन्या पद्धतीची, अरुंद ॲक्सलची मारुती जिप्सी होती. मारुतीने १९९३ साली जिप्सीची रुंद आवृत्ती बाजारात आणली, तेव्हा डाव्या आणि उजव्या चाकांमधले अंतर ९० मिलिमीटरने वाढवले होते. रुंद गाडी उतारावर जास्त स्थिर राहते, म्हणून जुन्या जिप्सीखाली रुंद जिप्सीचे ॲक्सल बसवण्याची हौस पुष्कळांना असते. भाच्यानेही तसे ॲक्सल आणले. सोबत उंच कमानपाटे घातले. गॅरेजवाल्याने चार दिवसांत गाडी उभी करून दिली.

गाडी सरळ चालत होती, पण स्टिअरिंग व्हील वाकडे राहत होते. भाचा परत गेला. मिस्त्रीने वरची नट खोलली, व्हील उपसून सरळ बसवले आणि म्हणाला, "घ्या, झाले काम." पंधरा दिवसांनी घाटात एका उंचवट्यावरून जाताना गाडी कोणी हात न लावता डावीकडे ओढली गेली. डावीकडे डोंगर होता म्हणून फक्त बंपर आणि दिवा गेला. तीच ओढ उजवीकडे लागली असती तर समोर दरी होती.

गाडी दुसऱ्या एका वयस्कर उस्तादांकडे नेली. त्यांनी ती जॅकवर घेतली, खाली वाकून पाहिले आणि मला जवळ बोलावून तीन गोष्टी दाखवल्या. स्टिअरिंगचा रॉड लांब करण्यासाठी त्याचे टोक एवढे उघडले होते की चारच आटे पकडीत राहिले होते. रॉड एका बाजूला फार तिरका उतरत होता. आणि स्टिअरिंग बॉक्स मध्यावर नव्हता. या तीन चुका नीट समजल्या तर सगळा विषय समजतो.

चाक वळते कसे

आधी भागांची ओळख करून घेऊ. स्टिअरिंग व्हीलची दांडी स्टिअरिंग बॉक्समध्ये जाते. बॉक्सच्या खाली एक आखूड हात असतो, त्याला पिटमन आर्म किंवा ड्रॉप आर्म म्हणतात. या आर्मपासून एक रॉड चाकाकडे जातो, ती ड्रॅग लिंक. चाक ज्या सांध्यावर वळते तो नकल, आणि नकलला असलेला हात म्हणजे नकल आर्म. एका नकलपासून दुसऱ्या नकलपर्यंत जाणारा लांब रॉड म्हणजे टाय रॉड. ड्रॅग लिंक एका चाकाला वळवते आणि टाय रॉड दुसऱ्या चाकाला सोबत नेतो.

आता महत्त्वाची बाब. स्टिअरिंग बॉक्स चेसिसवर बोल्ट केलेला असतो. नकल ॲक्सलवर असतात. चेसिस आणि ॲक्सल यांच्यामध्ये कमानपाटे असतात, म्हणजे ॲक्सल सतत वरखाली होत असतो. टाय रॉडची दोन्ही टोके ॲक्सलवरच असतात, त्यामुळे त्याला या हालचालीचे काही वाटत नाही. ड्रॅग लिंकचे मात्र एक टोक चेसिसवर आणि दुसरे ॲक्सलवर. म्हणून ॲक्सल बदलला की सगळ्यात आधी बिघडते ती ड्रॅग लिंक.

प्रत्येक गाडीत ही रचना एकसारखी नसते. आपल्याकडे जीप आली ती विलीजची. १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मुहंमद यांनी 'महिंद्र अँड मोहंमद' ही कंपनी काढली. १९४७ पासून कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. गुलाम मुहंमद पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. त्या जुन्या विलीज पद्धतीच्या जीपमध्ये ड्रॅग लिंक गाडीच्या लांबीच्या दिशेने जाऊन बेलक्रँकला जोडते आणि बेलक्रँकपासून दोन वेगळे टाय रॉड निघतात. जिप्सीसारख्या गाडीत ड्रॅग लिंक आडवी, म्हणजे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाते. एका रचनेचा ॲक्सल दुसऱ्या रचनेच्या गाडीखाली घातला तर स्टिअरिंगची पूर्ण जुळणी नव्याने करावी लागते, नुसते रॉड लांब-आखूड करून भागत नाही. पुढील माहिती आडव्या ड्रॅग लिंकला धरून दिली आहे, कारण ॲक्सल बदललेल्या गाड्यांत शेवटी बहुधा तीच रचना येते.

पहिली चूक : लांबीची उसनवारी

ॲक्सल ९० मिलिमीटरने रुंद झाला, म्हणजे प्रत्येक चाक ४५ मिलिमीटर बाहेर गेले. स्टिअरिंग बॉक्स जिथल्या तिथे राहिला. तेव्हा आडवी ड्रॅग लिंक सुमारे ४५ मिलिमीटरने आखूड पडणार हे उघड आहे. टाय रॉडची चिंता नसते, कारण रुंद ॲक्सलसोबत त्याच मापाचा टाय रॉड येतो.

रॉडच्या टोकाला आटे असतात ते अलाइनमेंटसाठी. त्यातून काही मिलिमीटर कमी-जास्त करता येतात. ४५ मिलिमीटर तेथून काढणे म्हणजे शिलाईत दाबलेल्या कापडातून नवीन बाही काढण्यासारखे आहे. आटे जेवढे बाहेर येतात तेवढी पकड कमी होते. साधा नियम असा की बोल्टची जाडी जेवढी, निदान तेवढी लांबी आट्यांची आत असावी, आणि दीडपट असेल तर उत्तम. १८ मिलिमीटर जाडीच्या टोकाचे किमान १८, शक्यतो २७ मिलिमीटर आटे आत हवेत. भाच्याच्या गाडीत चारच आटे होते, म्हणजे पाच-सहा मिलिमीटर.

योग्य उपाय एकच, नव्या मापाचा रॉड. जाड भिंतीची, जोड नसलेली स्टीलची नळी घ्यावी. लेथवर तिच्या एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे पाडावेत, म्हणजे रॉड जागेवर ठेवूनच फिरवून लांबी जुळवता येते. दोन्ही टोकांना लॉक नट हवीत. अलाइनमेंट बरोबर असताना दोन्ही बाजूंना समायोजनाची जागा शिल्लक राहिली पाहिजे. एका बाजूचे आटे संपत आले असतील तर रॉडचे माप चुकले असे समजावे.

काही ठिकाणी जुना रॉड मधोमध कापतात, नळीचा तुकडा घालतात आणि वेल्डिंग मारून ग्राइंडरने गुळगुळीत करतात. वरून रंग मारला की जोड दिसतही नाही. स्टिअरिंगच्या रॉडवर दर खड्ड्याला खेच आणि दाब येतो. वेल्डिंगच्या शेजारचा भाग या उलटसुलट ताणाने थकतो आणि तेथे केसाएवढी भेग पडते. भेग रोज थोडी वाढते आणि एके दिवशी रॉड काही सूचना न देता तुटतो. रॉड गॅसने लाल करून वाकवणे हेही तितकेच वाईट. मूळ रॉडला कारखान्यात दिलेला ताव त्या आगीत निघून जातो, आणि वाकडा रॉड दाब आला की आणखी वाकतो. बिडाच्या नकलवर नवीन हात वेल्डिंगने जोडणे तर कधीही करू नये. ब्रॅकेट तुटला तर गाडी थांबते, स्टिअरिंगचा रॉड तुटला तर गाडी थांबत नाही.

दुसरी चूक : तिरकी ड्रॅग लिंक

ही चूक सहज दिसत नाही, म्हणून ती हिशेबाने समजून घेऊ. समजा ड्रॅग लिंक ९०० मिलिमीटर लांब आहे आणि गाडी उभी असताना ती जमिनीला समांतर आहे. चाक उंचवट्यावर ७५ मिलिमीटर वर गेले तर लिंकचे आडवे अंतर जेमतेम ३ मिलिमीटरने बदलते. नकल आर्म १५० मिलिमीटरचा असेल तर चाक साधारण १.२ अंश वळते. चालवणाऱ्याला ते जाणवतही नाही.

आता कमानपाटे उंच केले. चेसिस आणि बॉक्स वर गेले, ॲक्सल खाली राहिला. तीच लिंक आता १५० मिलिमीटर उतरती झाली. चाक तेवढेच ७५ मिलिमीटर वर गेले तर आडवे अंतर साडेनऊ मिलिमीटरने बदलते, म्हणजे चाक साडेतीन अंशांहून अधिक वळते. चाक खड्ड्यात ७५ मिलिमीटर खाली गेले तर फरक सुमारे १६ मिलिमीटर, म्हणजे सहा अंश. स्टिअरिंग व्हील हातात स्थिर धरले आहे आणि चाके मात्र स्वतःहून वळत आहेत. घाटात भाच्याची गाडी डावीकडे गेली ती अशी. मिस्त्री मंडळी याला बंप स्टिअर म्हणतात.

म्हणून नियम असा की गाडी आपल्या पूर्ण वजनासह उभी असताना ड्रॅग लिंक शक्य तेवढी आडवी, समांतर असावी. ज्या गाडीत कमानपाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आणि ॲक्सलला बाजूने धरणारा पॅनहार्ड रॉड असतो, तेथे ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड एकमेकांना समांतर आणि जवळपास सारख्या लांबीचे हवेत, म्हणजे दोघे एकाच चापात फिरतात.

लिंक आडवी करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, जास्त खाली उतरणारा पिटमन आर्म लावणे. हा स्वस्त आणि सोपा, पण आर्म जितका खाली लोंबतो तितका बॉक्सच्या शाफ्टवर पीळ वाढतो. बॉक्स जेथे बोल्ट केलेला असतो तेथे चेसिसला चीर पडण्याची भीतीही वाढते, विशेषतः मोठे टायर आणि पॉवर स्टिअरिंग असेल तेव्हा. दुसरा मार्ग म्हणजे नकलकडचे टोक वर उचलणे, म्हणजे नकलच्या माथ्यावर बोल्टने बसणारा उंच हात लावणे. काम जास्त आहे, पण बॉक्सवर ओझे पडत नाही आणि रॉड दगडांपासूनही वर राहतात. ज्या नकलला अशा हातासाठी पुरेसा जाड माथा आहे, तेथे हाच मार्ग चांगला.

टोक खालून काढून वरून बसवायचे असेल तर भोकाकडे लक्ष द्यावे. बॉल जॉइंटची पिन निमुळती असते आणि भोकही तसेच निमुळते असते. उलट बाजूने नुसता रीमर मारला तर भोक दोन्हीकडे रुंद आणि मध्ये अरुंद होते, मग पिन एका कडेवरच टेकते. ती हलत राहते, भोक मोठे करते आणि शेवटी तुटते. अशा वेळी भोक सरळ मोठे करून त्यात योग्य निमुळतेपणाची स्टीलची बुश बसवावी लागते. शिवाय वेगवेगळ्या गाड्यांच्या पिनांचा निमुळतेपणा सारखा नसतो. कुर्ल्याच्या बाजारातून एका गाडीचे टोक आणि दुसऱ्या गाडीचा आर्म आणला तर पिनेला निळा रंग लावून भोकात दाबून पाहावे. रंग भोकाला सगळीकडे सारखा उमटला पाहिजे. एकाच कडेला उमटला तर तो माल परत करावा. पिनेची खाचेची नट घट्ट केल्यावर कॉटर पिनचे भोक जुळत नसेल तर नट थोडी आणखी आवळावी, कधीही सैल करून जुळवू नये.

तिसरी चूक : व्हील उपसून सरळ करणे

स्टिअरिंग बॉक्सच्या आतले दाते मध्यावर सर्वात घट्ट बसतील असे बनवलेले असतात, कारण माणूस बहुतेक वेळ सरळ चालवतो. मध्यापासून दूर गेले की थोडी सैल जागा येते. आता ड्रॅग लिंकची लांबी चुकली तर चाके सरळ असताना बॉक्स मध्यावर नसतो आणि स्टिअरिंग व्हील वाकडे दिसते. वाकडे व्हील ही गाडीने केलेली तक्रार आहे. मिस्त्री व्हील उपसून सरळ बसवतो तेव्हा तक्रार बंद होते, दोष तसाच राहतो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंगमध्ये प्ले येतो, एका बाजूला गाडी कमी वळते, आणि दुसऱ्या बाजूला नकलचा स्टॉपर लागण्याआधी बॉक्स आतून आदळतो. असा बॉक्स फार दिवस टिकत नाही.

योग्य पद्धत सोपी आहे. ड्रॅग लिंक सुटी करावी. स्टिअरिंग व्हील हळूच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजावेत. साडेतीन फेरे भरले तर पावणेदोन फेऱ्यांवर मध्य. बॉक्स तेथे ठेवावा, चाके सरळ करावीत आणि मगच लिंकची लांबी जुळवून जोडावी. त्यानंतरही व्हील वाकडे राहिले तर ते आधी कोणीतरी चुकीचे बसवलेले होते असे समजावे, आणि तेव्हाच ते काढून सरळ करावे.

टाय रॉड आणि ॲकरमनचा नियम

गाडी वळते तेव्हा आतले चाक लहान वर्तुळावर आणि बाहेरचे मोठ्या वर्तुळावर चालते, म्हणून आतले चाक जास्त वळले पाहिजे. घोडागाडीच्या काळात म्युनिकच्या लँकेन्स्पर्गर नावाच्या कारागिराने ही रचना शोधली आणि १८१८ साली रुडॉल्फ ॲकरमन याने लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले. तेव्हापासून ती ॲकरमनच्या नावाने ओळखली जाते. ८० इंच व्हीलबेसच्या जुन्या जीपमध्ये आतले चाक ३० अंश वळले तर बाहेरचे साधारण २३ अंश वळायला हवे.

हे साधते नकल आर्मच्या कोनामुळे. टाय रॉड ॲक्सलच्या मागे असेल तर त्याची टोके किंगपिनपेक्षा थोडी आत असतात, आणि टाय रॉड पुढे असेल तर थोडी बाहेर असतात. मागचा टाय रॉड दगडांपासून वाचवण्यासाठी कोणी नकल अदलाबदल करून पुढे आणला, तर हा कोन उलटा होतो. मग वळणावर टायर घासतात, किंचाळतात आणि महिन्याभरात गुळगुळीत होतात. तेव्हा टाय रॉड ज्या बाजूचा त्याच बाजूला ठेवावा, त्याला वर उचलता येते, पुढे-मागे करू नये.

आर्मच्या लांबीकडेही लक्ष असावे. नव्या ॲक्सलचा नकल आर्म जुन्यापेक्षा लांब असेल तर स्टिअरिंग हलके होते, पण चाके कमी वळतात आणि गाडीला वळायला जास्त जागा लागते. आखूड असेल तर उलटे, स्टिअरिंग जड होते.

गाडी भटकते आणि थरथरते

उंच केलेल्या गाडीत पुष्कळ वेळा पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन सुधारण्यासाठी ॲक्सल थोडा वर फिरवतात. त्याने किंगपिनचा मागे झुकलेला कोन, म्हणजे कास्टर, कमी होतो. कास्टर कमी झाला की वळल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि गाडी रस्त्यावर भटकते. जुन्या विलीज जीपसाठी कास्टर ३ अंश, कॅम्बर दीड अंश आणि टो-इन ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे साधारण १.२ ते २.४ मिलिमीटर, असे माप दिलेले आहे. कमानपाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचरीसारखी निमुळती पट्टी घालून कास्टर सुधारता येतो. हे काम रॉड बनवण्याच्या आधी करावे, कारण ॲक्सल फिरला की आर्मची जागाही बदलते.

ठराविक वेगाला पुढची चाके जोरात थरथरू लागली तर बहुतेक गिऱ्हाईक स्टिअरिंग डॅम्पर लावायला सांगतात. डॅम्परने थरथर झाकली जाते, दुरुस्त होत नाही. आधी किंगपिनचे बेअरिंग, टाय रॉडची टोके, कमानपाट्यांच्या बुश, टायरचे बॅलन्सिंग, टो-इन आणि कास्टर तपासावे. दोष यांपैकीच कोठेतरी असतो.

कामाचा क्रम

उस्तादांनी मला सांगितलेला क्रम असा :

१) ॲक्सल चेसिसला काटकोनात आणि मध्यावर बसला आहे का, हे कर्णाची मापे घेऊन पाहावे.

२) टायर, विंच, बंपर, जे काही वजन कायमचे राहणार ते चढवून गाडी स्वतःच्या चाकांवर उभी करावी. जॅकवरच्या गाडीची मापे रॉडसाठी घेऊ नयेत.

३) कास्टर जुळवावा.

४) टाय रॉड बसवून टो-इन ठेवावे.

५) बॉक्स मध्यावर आणून ड्रॅग लिंकचा कोन आणि लांबी ठरवावी. मगच नळी कापावी.

६) नकलचे स्टॉपर असे लावावेत की बॉक्स आतून आदळण्याआधी तेच टेकतील.

७) एक चाक पूर्ण वर आणि दुसरे पूर्ण खाली, अशा स्थितीत दोन्हीकडे पूर्ण स्टिअरिंग फिरवून पाहावे. रॉड कमानपाट्याला, डिफरन्शियलला, इंजिनच्या चेंबरला लागता कामा नये. बॉल जॉइंट अडकता कामा नये. ब्रेकचा पाइप ताणला जाता कामा नये.

८) बॉक्सच्या बोल्टजवळ चेसिसला चीर आहे का पाहावे. असल्यास आतून पट्टी लावून मजबूत करावे.

९) सर्व लॉक नट आणि कॉटर पिन दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्याव्यात. ज्याने काम केले त्याला स्वतःची चूक दिसत नाही.

१०) मोकळ्या जागी हळू चालवून पाहावे आणि शे-दीडशे किलोमीटरनंतर गाडी परत बोलावून सर्व नट पुन्हा आवळावीत.

या यादीत नळी कापण्याचे काम पाचव्या क्रमांकावर आहे, हे पाहावे. आमच्या धंद्यातही आधी माप आणि मग कात्री.

कायदा आणि बिल

कारागीर बांधवांनी कायद्याची बाजूही जाणून घ्यावी. तुटलेल्या ॲक्सलच्या जागी त्याच गाडीचा, त्याच मापाचा ॲक्सल घालणे ही दुरुस्ती आहे. वेगळ्या मापाचा ॲक्सल घालणे हा गाडीच्या रचनेतला बदल आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही गोष्ट पुन्हा स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि काम कोणी केले हा प्रश्न गॅरेजच्या दारापर्यंत येतो.

म्हणून गिऱ्हाईकाला आधीच विचारावे, गाडी रस्त्यावर चालणार की खासगी जागेत, स्पर्धेच्या मैदानात? रस्त्यावर चालणार असेल तर आधी आरटीओकडून लेखी खुलासा आणायला सांगावे. बिलावर काय काम केले, कोणते भाग नवीन, कोणते जुने, हे लिहावे आणि गिऱ्हाईकाची सही घ्यावी. 'जुन्याच रॉडला वेल्डिंग मारून द्या' असे कोणी म्हणाला तर नकार द्यावा. दोन पैसे कमी मिळतील, पण ते काम दुसऱ्याच्या नावावर जाईल, आपल्या नाही.

भाच्याची जिप्सी उस्तादांनी पुन्हा उभी केली. पाटे मूळ उंचीचे घातले, नव्या मापाची ड्रॅग लिंक लेथवर बनवून घेतली, बॉक्स मध्यावर आणला. गाडी आता एका मित्राच्या शेतावरच चालते, घाटात जात नाही. काम संपल्यावर मी त्यांना विचारले, "पहिल्या मिस्त्रीला हे येत नव्हते का?" ते म्हणाले, "येत असेल सेठ. पण गिऱ्हाईक घाई करतो, आणि खाली वाकून कोणी पाहत नाही." जे काम गिऱ्हाईक वाकून पाहत नाही, तेथेच कारागिराचा हुनर आणि त्याची नेकनामी ठरते. गाडीच्या खाली जे बसवले आहे, त्यावर वर बसलेल्या माणसाचा भरवसा असतो. तो भरवसा आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे, हे प्रत्येक गॅरेजवाल्याने ध्यानात ठेवावे.